गोरेगावची पांढरी शीर: धातू किती, पाणी किती

६ मे

मावसभावाने गोरेगाव पूर्वेच्या साइटवरून पिशवीभर दगड आणून टाकले. इमारतीचं दुसरं तळघर खणताना काळ्या दगडात पांढऱ्या शिरा लागल्या. बोटाएवढ्या जाड, मधूनच गुलाबी झाक, मोत्यासारखी चकाकी. त्याचं म्हणणं असं की खोदताना शीर चांगली टणक होती. साइट ऑफिसच्या एसीत खोक्यात पडून राहिली आणि आता चिमटीत धरली तरी चुरा होतो. कंत्राटदाराला हा सगळा माल क्रशरला घालून खडी करायची आहे, म्हणून हा अस्वस्थ. "तू केमिस्ट आहेस ना ताई, यात काय आहे ते सांग."

टी.वाय.च्या दोन मुली उन्हाळी प्रकल्पासाठी विषय शोधतच होत्या. त्यांना हाच दिला. धातू किती आणि पाणी किती, एवढंच काढायचं.

माझा कयास लॉमोंटाइट नावाच्या खनिजाचा. दख्खनच्या लाव्ह्याला साधारण ६.६ कोटी वर्षं झाली. त्याच्या पोकळ्यांत आणि भेगांत गरम पाण्याने नंतर जी खनिजं आणून बसवली त्यांत झिओलाइट गट मोठा, म्हणजे स्फटिकाच्या चौकटीत पाणी धरून ठेवणारी खनिजं. लॉमोंटाइट त्यातलंच. मुंबईच्या दगडात ती भरपूर सापडतात, कांदिवलीच्या खाणीचं नाव तर परदेशातल्या संग्राहकांनाही ठाऊक. याच गटातली स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट कपाटात वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहतात. नुसत्या हवेने ज्याचा भुगा होतो, ते लॉमोंटाइट असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

पिशवीत दोन प्रकारचा माल आहे. एक खोक्यातला, भुगा झालेला. दुसरा ओल्या चिखलासकट प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, अजून टणक. दुसरा आत्ताच घट्ट झाकणाच्या बरणीत टाकला, सोबत ओल्या कापसाचा बोळा.

१० मे

आज फक्त जुन्या पद्धतीच्या चाचण्या. उपकरण लावण्याआधी मुलींनी हाताने खनिज ओळखायला शिकावं असं मला वाटतं, आणि या चाचण्यांना खर्चही नाही.

बंद तोंडाच्या नळीत चिमूटभर चुरा टाकून ज्योतीवर धरला. वरच्या थंड भागात लगेच पाण्याचे थेंब धरले. तोंडाशी धरलेला निळा लिटमस निळाच राहिला. प्लॅटिनम तारेवर कॅल्शियमचा विटकरी लाल रंग आला, पण त्यावर सोडियमचा पिवळा इतका चढला की निळ्या काचेतून बघावं लागलं. पिवळ्यावरून काही ठरवायचं नसतं, तो बोटांच्या घामानेही येतो.

बघण्यासारखी चाचणी हायड्रोक्लोरिक आम्लाची. छोट्या बीकरमध्ये बारीक पूड, त्यावर निम्मं पाणी घातलेलं आम्ल, आणि मंद गरम. आधी पूड विरघळल्यासारखी दिसते, द्रावण जवळजवळ नितळ होतं. मग कडेने ते जड व्हायला लागतं, काचेची कांडी फिरवली तर मागे रेघ राहते. थंड झाल्यावर बीकर तिरका केला तरी आतलं हललं नाही. सिलिकाचा जेल. स्टिलबाइट असा जेल देत नाही, त्याची सिलिका चिकट पुडीसारखी खाली बसते. दोघींपैकी एकीने बीकर चक्क उलटा धरून बघितला.

आम्ल टाकताक्षणी थोडं फसफसलंही. म्हणजे शिरेत कॅल्साइट आहे. हे पुढे त्रास देणार.

१४ मे

न निवडलेल्या मालावर मुद्दाम पहिलं भाजून बघितलं. खोक्यातला चुरा, सिलिकाची मूस म्हणजे क्रुसिबल, मफल भट्टीत ९०० अंश. वजन १५.७ टक्के कमी झालं.

मुली खूश. पुस्तकात लॉमोंटाइटचं सूत्र एका कॅल्शियममागे दोन अ‍ॅल्युमिनियम, चार सिलिकॉन, बारा ऑक्सिजन आणि चार पाण्याचे रेणू असं दिलेलं असतं. त्यावरून पाणी येतं १५.३ टक्के. "मॅडम, जवळजवळ मॅच!"

दुसरं क्रुसिबल टप्प्याने भाजायला लावलं. ५५० अंशांपर्यंत घट १२.६ टक्के, आणि ५५० ते ९०० मध्ये आणखी ३.१. झिओलाइटचं पाणी ५५० पर्यंत जवळपास सगळं निघून जातं. त्यापुढे एवढं वजन जातं ते कॅल्साइट फुटून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं. कॅल्साइटचं ४४ टक्के वजन या वायूचं असतं, म्हणजे ३.१ मागे सुमारे ७ टक्के कॅल्साइट नमुन्यात होतं. पुस्तकाशी जुळलेल्या आकड्यात पाण्याबरोबर वायूही मोजला गेला होता, आणि खरं पाणी पुस्तकापेक्षा चांगलंच कमी आहे. हेच कॅल्साइट कॅल्शियमचा आकडाही फुगवणार, कारण आम्लात तेही विरघळतं.

मुलींचा चेहरा उतरला. मला मात्र आता प्रकल्प सुरू झाल्यासारखा वाटला. पाणी कमी का, हे शोधायचं आहे.

१७ ते २० मे

निवडणं. विरळ अ‍ॅसेटिक आम्लाने कॅल्साइट धुऊन काढता येतं, पण तेच आम्ल झिओलाइटमधलं थोडं कॅल्शियमही ओढून घेतं. मग मोजायचं काय? म्हणून सुई, चिमटा आणि जीवशास्त्र विभागाकडून मागून आणलेला डिसेक्टिंग मायक्रोस्कोप. कॅल्साइटचे तुकडे चौकटीसारखे तिरके फुटतात, लॉमोंटाइटच्या काड्या लांबट, टोक तिरकं कापल्यासारखं. शंका आलेला प्रत्येक कण बाहेर.

प्रयोगशाळेतल्या मामांनी दोनदा विचारलं, "तांदूळ निवडताय का?" तांदूळ बरे, ते उडत तरी नाहीत. पंखा बंद ठेवून मे महिन्यात बसायचं म्हणजे काय ते मुंबईकराला सांगायला नको.

निवडलेला माल अगेट खलात हलक्या हाताने वाटला. जोरात घासलं की पूड गरम होते आणि वाटतानाच पाणी जातं. आम्लाचा थेंब टाकून भिंगाखाली पाहिलं, बुडबुडे नाहीत.

२१ मे

तराजू स्थिर होत नाही. चार दशांशांचा तराजू, पाया पक्का, कॅलिब्रेशन ठीक, रिकामी वॉच ग्लास ठेवली तर आकडा हलत नाही. पूड ठेवली की शेवटचे दोन आकडे खाली सरकत राहतात. एसी बंद करून दार उघडलं, दुपारपर्यंत वजन परत वर चढलं. हायग्रोमीटर बॅलन्स रूममध्ये एसी चालू असताना हवेची आर्द्रता ४८ टक्के दाखवतो, बाहेर प्रयोगशाळेत ७१.

खोक्यातल्या शिरेचा भुगा का झाला ते इथेच दिसलं. लॉमोंटाइटच्या चौकटीत पाण्याचे रेणू वेगवेगळ्या जागी बसलेले असतात आणि त्यातली एक जागा फार सैल. कोरड्या हवेत, साध्या खोलीच्या तापमानाला ती रिकामी होते. चौकट आकसते, काडी आपल्या पाटनाच्या, म्हणजे सहज फुटण्याच्या, रेषांवर उभी चिरते. पूर्ण भरलेल्या अवस्थेत एका कॅल्शियममागे साडेचार रेणू, सैल जागा रिकामी झाल्यावर साडेतीनच्या आसपास. पुस्तकातले चार या दोहोंच्या मधले.

तेव्हा "नमुन्यात पाणी किती" हा प्रश्न अर्धवट आहे. किती दमट हवेत ठेवलेल्या नमुन्यात, हे आधी ठरवायला हवं.

२४ मे

तीन डेसिकेटर, म्हणजे नमुने कोरडे ठेवायची काचेची हवाबंद भांडी, रिकामे केले, सिलिका जेल काढून टाकला. तळाशी संपृक्त द्रावणं भरली, वर न विरघळलेलं मीठ दिसत राहील इतकी घट्ट. मॅग्नेशियम क्लोराइडवर हवेची आर्द्रता ३३ टक्के राहते, साध्या मिठावर ७५, पोटॅशियम सल्फेटवर ९७. खोलीचं तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी हे आकडे फारसे हलत नाहीत, म्हणून ही पद्धत मला आवडते. तिला वीज लागत नाही, हे दुसरं कारण.

पावसाळ्यात घरातलं मीठ का पाझरतं, हेही मुलींना यातच कळलं. हवा ७५ च्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढतं, आणि त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असेल तर त्याही आधी.

प्रत्येक डेसिकेटरमध्ये झाकणाच्या वेइंग बॉटलमध्ये पूड ठेवली, झाकण बाजूला. वजन करायच्या वेळी झाकण आतच लावायचं, मगच बाहेर काढायचं. साध्या मिठाच्या डेसिकेटरमध्ये दोन बाटल्या, एकीत खोक्यातल्या कोरड्या मालाची पूड, दुसरीत ओल्या बरणीतल्या मालाची.

२९ मे

वजनं सरकताहेत, थांबायचं. तोवर कॅल्शियम मोजायला ०.०१ मोलर ईडीटीए बनवून ठेवलं, हे द्रव्य धातूला धरून ठेवतं. ११० अंशांवर वाळवलेल्या कॅल्शियम कार्बोनेटने प्रमाणित केलं, आलं ०.०१००४.

मफलने आज दोनदा एमसीबी पाडला. शेजारच्या प्रयोगशाळेची भट्टी चालू असताना आपली लावायची नाही, एवढंच.

७ जून

कोरड्या आणि ओल्या टोकाच्या बाटल्या स्थिरावल्या, दोन लागोपाठची वजनं सारखी. मिठावरच्या दोन्ही बाटल्यांना आणखी वेळ देते.

३३ टक्क्यांवरची पूड टप्प्याने भाजली. ११० अंशांपर्यंत १.९ टक्के, ३०० पर्यंत आणखी ४.१, ५५० पर्यंत आणखी ७.५, आणि ९०० पर्यंत फक्त ०.२. एकूण १३.७. शेवटचा आकडा एवढा लहान म्हणजे निवडण्याचं काम नीट झालं.

९७ टक्क्यांवरची पूड, एकूण १६.८. त्यातले ११० अंशांपर्यंतच ५.४ गेले.

इथे जरा थांबते. खडकांच्या विश्लेषणात जुनी रीत अशी की ११० अंशांच्या आत निघेल ते नुसतं चिकटलेलं पाणी, ते वेगळं लिहायचं, आणि त्यावर निघेल ते खनिजात बांधलेलं. बेसॉल्टला हे चालून जातं. झिओलाइटला ही रेघ लावली तर खनिजाचं स्वतःचं पाणी ओल म्हणून बाद होतं, आणि तेही किती बाद होणार ते काल पाऊस होता की नाही यावर. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टमध्ये "ओव्हन ड्राय बेसिस", म्हणजे ओव्हनमध्ये वाळवलेल्या वजनावर, हे शब्द सवयीने छापलेले असतात. या खनिजाला तो बेसिस लावू नये असं माझं ठाम मत आहे.

भागायचं तर भाजल्यावर उरलेल्या वजनाने भागावं. ते हवेवर अवलंबून नाही. कोरड्या पुडीत १०० ग्रॅम भाजलेल्या मालामागे पाणी १५.९ ग्रॅम, म्हणजे एका सूत्रामागे ३.५ रेणू. ओल्या पुडीत २०.२ ग्रॅम, ४.५ ला जरासं कमी.

११ जून

वजनातली घट म्हणजे पाणीच, हे आतापर्यंत गृहीत धरलेलं होतं. आज थेट पाणीच पकडलं. कडक काचेच्या नळीत बोटीमध्ये कोरडी पूड, एका बाजूने वाळवलेली हवा सावकाश, दुसऱ्या बाजूला निर्जल कॅल्शियम क्लोराइडने भरलेली, आधी तोललेली यू नळी. बर्नरने नळी लाल होईपर्यंत तापवली. मधल्या जोडाशी थेंब अडकतात, तिथे हलकी ज्योत फिरवत ते पुढे ढकलावे लागतात. यू नळीचं वजन वाढलं ते नमुन्याच्या १३.५ टक्के. भाजण्याच्या १३.७ शी इतकं जुळणं मला पुरे.

१३ जून

पाऊस लागला. प्रयोगशाळेतला हायग्रोमीटर ८८ वर. ओल्या बरणीची आता गरज उरली नाही, आख्खी मुंबईच ती बरणी झाली आहे.

मिठावरच्या बाटल्या. दोन्ही त्याच ७५ टक्के आर्द्रतेत, एकाच जाळीवर शेजारी शेजारी, आणि पाणी वेगळं! कोरडी आलेली पूड ३.६ रेणूंवर थांबली आहे, ओली आलेली ४.४ वर. आठवडाभर जास्त दिला तरी दोघी जागच्या हलल्या नाहीत. सैल जागा भरायला जेवढी दमट हवा लागते, ती रिकामी व्हायला त्याहून बरीच कोरडी लागते, आणि ७५ नेमके या दोहोंच्या मध्ये पडतात. नमुना आता कुठे आहे एवढं पुरत नाही, तो कुठून आला हेही लिहून ठेवावं लागेल. मुलींनी तिसरी बाटली मागितली आहे, कोरडी पूड आधी ९७ वर नेऊन मग मिठावर आणायची. करू द्या.

१८ जून

कॅल्शियम. ३३ टक्क्यांवरची पूड ०.५०१२ ग्रॅम. आम्लात जेल, वॉटर बाथवर पूर्ण कोरडं, कांडीने गाठी फोडत फोडत. हे घाईने केलं की सिलिका गाळणीतून निसटते. परत आम्ल, गाळण, गरम पाण्याने धुणं, गाळीव २५० मिलीपर्यंत. २५ मिली घेऊन ट्रायइथॅनॉलअमाइन घातलं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंडाचा अंश मध्ये येत नाही. मग पोटॅशने पीएच १२ च्या वर, पॅटन-रीडर हा रंग बदलणारा दर्शक, आणि बुरेटमधून ईडीटीए. वाइनसारख्या लालमधून स्वच्छ निळा. बुरेट १०.५०, १०.५५, १०.५० मिली. कॅल्शियम ८.४४ टक्के.

९७ टक्क्यांवरची पूड ०.५००८ ग्रॅम, सगळं तसंच. १०.१५, १०.१०, १०.१५. कॅल्शियम ८.१४.

एकाच शिरेचे, एकाच हाताने केलेले दोन आकडे, आणि फरक अनुमापनाच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा. भाजलेल्या वजनावर आणले तर पहिला ९.७८, दुसरा ९.७९. मुलींनी गणित दोनदा करून पाहिलं. धातूची टक्केवारी हलत होती ती पाण्यामुळे, धातू जागच्या जागी होता.

सूत्राप्रमाणे १०.०६ हवं. थोडं कमी आहे.

२० जून

एरिओक्रोम ब्लॅक टी या दुसऱ्या दर्शकाने पीएच १० ला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकत्र मोजलं. फरक एका थेंबाच्या आत, मॅग्नेशियम नाही म्हणायला हरकत नाही. फ्लेम फोटोमीटरवर, भाजलेल्या वजनावर, सोडियम ०.१८ आणि पोटॅशियम ०.२० टक्के. दोन सोडियम मिळून एका कॅल्शियमची जागा घेतात. तेवढं हिशेबात धरलं तर तूट जवळजवळ भरून निघते.

२६ जून

कोरड्या पुडीचं पूर्ण विश्लेषण. सिलिका ०.२५७१ ग्रॅम, ५१.३ टक्के, एकदाच आटवून मिळालेली, म्हणून थोडी कमीच असणार. शुद्धता तपासायला हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि प्लॅटिनम क्रुसिबल लागतं. पहिलं विद्यार्थ्यांच्या हातात मी देणार नाही, दुसरं आमच्याकडे नाही. अमोनियाने दोनदा साका पाडून अ‍ॅल्युमिनाचा गट २२.४, भाजल्यावर पांढरा, किंचित पिवळट झाक, म्हणजे लोखंड नावापुरतं. निसटलेली सिलिका यातच लपलेली असणार. कॅल्शियम ऑक्साइड ११.८, सोडियम आणि पोटॅशियमची ऑक्साइडं मिळून ०.४, पाणी १३.७. बेरीज ९९.६.

बेरीज १०० च्या जवळ आली म्हणून प्रत्येक आकडा बरोबर असं होत नाही. इथे सिलिकाची तूट आणि अ‍ॅल्युमिनाची वाढ एकमेकांना झाकताहेत. लॉमोंटाइट म्हणायला मात्र एवढं पुरेसं आहे.

१ जुलै

मुलींची तिसरी बाटली ४.४ वर थांबली, ओल्या पुडीच्या जोडीला. तीच पूड, फक्त वाट वेगळी.

मावसभावाला फोन केला. त्याला एक आकडा हवा होता. "पाणी किती टक्के, ते सांग ना." सांगितलं, ३३ टक्के आर्द्रतेला १३.७, ९७ ला १६.८. तो म्हणाला, "मग खरं कुठलं?" दोन्ही. त्याच्या कामाचा आकडा तर या दोहोंतला फरक आहे. दर पावसाळ्यात एवढं पाणी आत जाणार, दर उन्हाळ्यात एवढं बाहेर येणार, आणि दर खेपेला काडी थोडी फुगणार, थोडी आकसणार. खडीत ती काँक्रीटच्या आत बसून हेच करणार.

खडी बाद करायची की नाही, हे रसायनाने ठरत नाही. मालात शिरेचं प्रमाण किती ते दगडाच्या पातळ छेदावरून भूशास्त्रज्ञाने सांगावं, आणि आयएस २३८६ या भारतीय मानकाच्या भाग ५ प्रमाणे साउंडनेस टेस्ट, म्हणजे खडीच्या टिकाऊपणाची चाचणी, करावी. शिरा विरळ असतील तर माल चालेलही. त्याला एवढंच बजावलं की चाचणीचा नमुना साइट ऑफिसच्या एसीत ठेवलेला नको, ढिगाऱ्यातला ताजा घे, आणि शिरेचे तुकडे आधीच वेचून बाजूला काढू नकोस. कंत्राटदार ते करायला टपलेलाच असणार.

४ जुलै

एक्सआरडीसाठी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासायला, पवईला नमुने द्यायचे आहेत, कोरडा आणि ओला असे दोन. ओला सीलबंद होल्डरमध्ये घेतील का ते विचारायला सांगितलं आहे. उघड्या होल्डरमध्ये, एसीच्या खोलीत, तो स्कॅन होता होताच कोरडा होईल आणि दोन्ही आलेख सारखेच येतील. नसेल घेत तर ओला पाठवायचा नाही. वहीत दोन्ही नमुन्यांसमोर कुठल्या मिठावर, कधीपासून, आणि आधी कुठे होता असे तीन रकाने आखून घेतले.